हाइल पाहायचं असेल तर पाण्याचा माग काढत पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा रियाधला नोकरीला आहे, फेब्रुवारीत तुम्ही दोघं (वय 64 आणि 61) त्याच्याकडे येताय, इतिहासाची आवड आहे. अल-उला (सौदीतलं प्राचीन अवशेषांचं ठिकाण) सगळेच सुचवतात, पण सौदी अरेबियातल्याच हाइल प्रांताबद्दल मराठीत फारसं काही हाती लागत नाही. तिथं चार दिवस घालवण्याजोगं काही आहे का, आणि शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

चार दिवस नक्की द्या. मी सोलापूरकडचा. भूजल सर्वेक्षणाच्या कामासाठी या प्रांतात आलो, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. सुट्टीच्या दिवशी मित्रांच्या आईवडिलांना, गावाकडून आलेल्या पाहुण्यांना मी हा मुलूख फिरवून दाखवत आलोय. पहिल्या दिवशी बहुतेकजण एकच वाक्य बोलतात, "इथं आहे काय, नुसती माती आणि दगड!" त्यांना मी सांगतो की प्रत्येक जागी उतरलात की आधी विचारा, इथं पाणी कुठून आलं? दुष्काळी भागात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न शिकवावा लागत नाही. तो विचारला की किल्ला इथंच का, बाजार इथंच का, चित्रं याच डोंगरावर का, हे एकेक करून उलगडत जातं.

नकाशा आधी डोक्यात बसवा. अरबस्तानच्या मध्यावर नज्दचं पठार आहे आणि त्याच्या उत्तर टोकाला हाइल. उत्तरेला नफूदचं मोठं वाळवंट आहे, आणि त्याची वाळू पिवळी नाही, विटकरी लाल आहे. शहराला पश्चिमेकडून अजाचा डोंगर टेकलेला आहे, तर आग्नेयेला तासाभराच्या अंतरावर सलमाचा. दोन्ही ग्रॅनाइटचे, गुलाबी छटेचे, भेगाळलेले. आपल्या सह्याद्रीतला बेसाल्ट डोळ्यात बसलेला असतो, त्यामुळे हे गोलसर, एकावर एक रचल्यासारखे दगड पाहून माणूस थबकतो. लोककथा सांगते की अजा हा तरुण आणि सलमा ही तरुणी पळून गेले, पकडले गेले, आणि ज्या डोंगरांवर त्यांना मारलं त्यांना त्यांचीच नावं पडली.

ग्रॅनाइटवर पडलेला पाऊस मुरत नाही, ओघळून घळीत उतरतो आणि पायथ्याच्या वाळूत साठतो. म्हणून या दोन डोंगरांच्या मधल्या पट्ट्यात विहिरींना पाणी लागलं, खजूर लागला, वस्ती झाली. 'हाइल' या नावाचा अर्थही इथले जाणते असाच लावतात: मध्ये येणारा, अडवणारा. ओढ्याला पूर आला की अलीकडची माणसं अलीकडे आणि पलीकडची पलीकडे अडकायची, म्हणून हे नाव. एरवी वर्षभर कोरड्या असणाऱ्या ओढ्यावरून गावाचं नाव पडावं, इतकं त्या एका पुराचं अप्रूप.

आता जुब्बा. चारांपैकी एक अख्खा दिवस या एका गावासाठी ठेवा. हाइलपासून वायव्येला साधारण शंभर किलोमीटर, नफूदच्या आत, पण रस्ता शेवटपर्यंत डांबरी आहे. तुम्हा दोघांना काही त्रास होणार नाही.

दोन्ही बाजूंनी वाळूच्या लाल टेकड्या सरकत असतात आणि एकाएकी सपाट, फिकट जमिनीचं मैदान लागतं. हे एका तळ्याचं तळ आहे. हजारो वर्षांपूर्वी इथं खरोखर तळं होतं. पश्चिमेला उम्म सिनमान नावाचा वालुकाश्माचा डोंगर उभा आहे. तिकडून येणारा वारा आणि त्याच्याबरोबरची वाळू हा डोंगर अडवतो, म्हणून त्याच्या आडोशाची जागा वाळूनं बुजली नाही आणि जमिनीतलं पाणी हाताशी राहिलं. नाव ऐकून गंमत वाटेल, उम्म सिनमान म्हणजे दोन वशिंडांची, उंटिणीवरून. लांबून पाहिलंत की नाव पटतं. या तळ्याच्या काठी माणसानं घडवलेली दगडी हत्यारं सापडली आहेत, त्यांतली सर्वांत जुनी दोन लाख वर्षांच्याही मागची.

याच डोंगराच्या कातळावर ती कोरीव चित्रं आहेत. जुब्बा आणि दक्षिणेकडचं शुवैमिस या दोन जागा मिळून 2015 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. कुंपण आहे, चढायला लोखंडी जिने आहेत. काकूंच्या गुडघ्यांचा प्रश्न असेल तर खालच्या टप्प्यावरची चित्रंही पुरेशी आहेत.

पण ती पाहायची कशी, हे सांगायला हवं. वालुकाश्मावर हजारो वर्षांत एक काळपट, तपकिरी साय चढते. ती टोचून काढली की खालचा फिकट दगड दिसतो, आणि तीच रेषा. पुढे त्या रेषेवरही हळूहळू साय चढत जाते. म्हणजे ढोबळमानानं, जितकी रेषा काळवंडलेली तितकी जुनी. एकाच कातळावर एकावर एक कोरलेली चित्रं असतात, त्यांचा क्रम या रंगावरून लावता येतो. सगळ्यांत गडद पाहिलीत तर लांब शिंगांची गुरं दिसतील, पूर्ण उंचीची माणसं दिसतील. त्यापेक्षा उजळ रेषांत उंट, घोडे, घोडेस्वार आणि शेजारी समूदी या अरबस्तानातल्या प्राचीन लिपीतली अक्षरं.

गाईगुरांना रोज पाणी लागतं. वाळवंटात कुणी उगाच गाईचं चित्र काढत बसत नाही, तेव्हा इथं कुरणं होती, पाणवठे होते. मग पाऊस आटत गेला, तळं सुकलं, चित्रांतून गाय गेली आणि उंट आला. पावसाची नोंद ठेवायला तेव्हा कुणी नव्हतं, पण या कातळानं ती ठेवली. माझ्या कामात मी बोअरच्या मातीचे थर पाहून जे वाचतो, तेच इथं जनावरांवरून वाचता येतं. पहिल्यांदा हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी तिथंच खाली बसलो होतो.

वेळ सकाळची आठ-नऊची किंवा दुपारी चारनंतरची धरा. ऊन तिरपं असलं की खोदलेल्या रेषेत सावली भरते आणि चित्र उठून दिसतं. भर दुपारी तोच कातळ सपाट, मुका वाटतो. आणि कृपा करून हात लावू नका. हाताचा घाम आणि तेल त्या सायीला खातं.

जुब्बा गावात जुन्या विहिरी आहेत. नज्दमध्ये पंप येण्याआधी पाणी काढायची जी पद्धत होती तिला सवानी म्हणतात, आणि ती आपली मोटच आहे. कातडी मोट, वर लाकडी चाक, नाडा, आणि उतरत्या धावेवरून खाली जाणारं जनावर. आपल्याकडे बैल, इथं उंट किंवा गाढव. पाणी थारोळ्यात पडतं आणि पाटानं खजुराकडे जातं. चाकाला महाला म्हणतात आणि त्याचा करकर आवाज रात्रभर गावावर असायचा, असं इथले म्हातारे सांगतात. माझे आजोबा मोटेवर गाणी म्हणायचे, इथंही सवानीची गाणी होती. हे ऐकून मला या लोकांबद्दल परकेपणा वाटायचा तो बराच कमी झाला.

शुवैमिस मात्र तुमच्यासाठी मी सुचवत नाही. तिथं कुत्र्यांना दोरीनं कमरेला बांधून शिकार करणाऱ्या माणसांची चित्रं आहेत. माणसानं कुत्रा बाळगल्याच्या जगातल्या सर्वांत जुन्या चित्रांत त्यांची गणना होते. पण जागा हाइलच्या दक्षिणेला अडीचशे किलोमीटरवर, लाव्हाच्या पठाराकडेला आहे, शेवटचा भाग खडबडीत, आणि वाटाड्याशिवाय सापडणारी नाही. मुलगा एकटा मित्रांबरोबर गेला तर त्यानं जरूर जावं.

हातिमताई हे नाव तुम्ही लहानपणी गोष्टींच्या पुस्तकात वाचलं असेल. त्या परीकथांमधली राक्षसं आणि सात सवाल पर्शियात आणि हिंदुस्थानात चिकटले. मूळचा हातिम हा इथला, तय्य या टोळीचा सरदार आणि कवी, इस्लामच्या आधीच्या पिढीतला, सहाव्या शतकातला. अजा आणि सलमा हे त्याच्या टोळीचेच डोंगर. दुष्काळात दारी आलेल्यांना द्यायला काही उरलं नाही तेव्हा त्यानं स्वतःचा घोडा कापला, ही त्याची सर्वांत प्रसिद्ध कथा. 'हातिमहून उदार' हा अरबीत आजही वाक्प्रचार आहे. त्याची मुलगी सफ्फाना युद्धात कैद झाली तेव्हा तिच्या वडिलांचे गुण ऐकून पैगंबरांनी तिला सन्मानानं सोडलं, आणि मुलगा अदी पुढे त्यांचा अनुयायी झाला.

अजाच्या कुशीत तुवारिन नावाचं गाव आहे, तिथं दगडी भिंतींचे अवशेष हातिमचं घर म्हणून दाखवतात. ते खरंच त्याचं का, यावर मी पैज लावणार नाही, पण वाटेवरचे डोंगर पाहण्यासाठी तरी जा. शहरातल्या समरा टेकडीवर हातिमच्या आगीची आठवण म्हणून ज्योत पेटवतात. रात्री चुकलेल्या वाटसरूला दिसावी म्हणून तो टेकडीवर आग पेटवत ठेवायचा, अशी आख्यायिका आहे. संध्याकाळी तिथून सगळं शहर दिसतं.

आपल्या भाषेशी या टोळीचा एक धागा आहे. तय्यवरून पर्शियन लोकांनी सरसकट अरबांनाच 'ताजी' म्हटलं, असं भाषेचे अभ्यासक मानतात. तोच शब्द घोड्यावर बसून आपल्याकडे आला. जुन्या मराठीत 'ताजी' म्हणजे अरबी घोडा. आणि एकोणिसाव्या शतकात घोडेही आले. नज्द आणि जबल शम्मर (हाइलचं तेव्हाचं नाव) इथली जनावरं कुवेतला नेत, तिथून जहाजानं मुंबईला. भेंडीबाजार-भायखळ्याकडच्या अरबांच्या तबेल्यांत त्यांची विक्री व्हायची, गिऱ्हाईक म्हणजे फौज आणि शर्यतवाले.

हा व्यापार ज्यांच्या हातात होता ते अल-रशीद घराणं. 1836 च्या सुमारास अब्दुल्ला बिन अलीनं हाइलची सत्ता घेतली आणि पुढची पंच्याऐंशी वर्षं हे शहर राजधानी राहिलं. त्यांतला सर्वांत कर्तबगार मुहम्मद बिन अब्दुल्ला. 1891 मध्ये त्यानं मुलैदाच्या लढाईत शेजारच्या कसीम प्रांताच्या लोकांना हरवलं, रियाधही त्याच्या अंमलाखाली आलं आणि सौद घराण्याला कुवेतला आसरा घ्यावा लागला. पुढे त्याच घराण्यातल्या तरुण अब्दुल अझीझनं 1902 मध्ये रियाध परत घेतलं आणि 1921 मध्ये हाइल. आजच्या सौदी अरेबियाचा इतिहास रियाधच्या बाजूनं सगळीकडे ऐकायला मिळतो. इथं आलात की हरलेल्या बाजूची राजधानी पाहायला मिळते, आणि इतिहासाची आवड असलेल्याला ती पाहिल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

त्यांचा बरझान वाडा आता नाही. बाजाराला मात्र बरझान हेच नाव आहे. 1879 च्या जानेवारीत अ‍ॅन ब्लंट ही इंग्रज बाई नवऱ्याबरोबर नफूद ओलांडून इथं आली, खास घोडे पाहायला. वाड्याच्या मुदपाकखान्यात अख्खे उंट शिजतील अशा सात कढया तिनं पाहिल्या. रोज बाहेरून येणाऱ्यांना तिथं जेवण मिळायचं. 1914 मध्ये गर्ट्रूड बेल ही इंग्रज प्रवासी आली, तिला मात्र शहरात जवळजवळ नजरकैदेत ठेवलं होतं. घराण्यात एकमेकांचे खून पडत होते, कुणाचा कुणावर भरवसा नव्हता.

शहरात दोन वास्तू पाहा. टेकाडावरचा आरिफ किल्ला मातीचा आणि छोटा आहे, चढ सोपा. रमजानचा चंद्र पाहायला आणि तोफ उडवायला ही जागा वापरत. दुसरा किश्ला, 1940 च्या दशकात बांधलेली लष्कराची मातीची प्रचंड छावणी. नाव तुर्की आहे, अर्थ बराक. भिंतींची जाडी हातानं मापून पाहा. दुपारच्या उन्हातही आतली खोली थंड असते. आपल्याकडच्या धाब्याच्या, पांढऱ्या मातीच्या घरात राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी फैद. हाइलच्या आग्नेयेला साधारण सव्वाशे किलोमीटर. इराकमधलं कूफा ते मक्का हा यात्रेचा रस्ता, चौदाशे किलोमीटरचा, आणि फैद त्याच्या जवळपास मध्यावर. बगदादचा खलिफा हारून अल-रशीद याची बेगम झुबैदा हिनं या वाटेवर टाक्या आणि विहिरींवर इतका पैसा ओतला की वाटच 'दर्ब झुबैदा' झाली. अहिल्याबाईंच्या बारवा आणि घाट ज्यांनी पाहिलेत त्यांना या बाईचं काम लगेच कळेल. यात्रेकरू आपली निम्मी शिधासामग्री फैदच्या लोकांकडे ठेवून पुढे जात आणि परतताना घेत. चौदाव्या शतकात इब्न बतूता इथून गेला, त्यानंही हे लिहून ठेवलंय. महिन्यांनी परत येणाऱ्या अनोळखी माणसाचं धान्य जपून ठेवायचं, यावर एक अख्खं गाव जगत होतं. आज तिथं काळ्या दगडातल्या गढीचे अवशेष, पाया आणि विहिरी आहेत. तासभर पुरे, पण तो तास घाई न करता द्या.

विमानानं आलात तर खिडकीतून वाळवंटात हिरवी वर्तुळं दिसतील. एकेकाचा व्यास पाऊण-एक किलोमीटर. मधोमध बोअर आणि त्याभोवती फिरणारा लांब फवारा. 1980 च्या दशकात सरकारनं गव्हाला भरघोस भाव दिला आणि हाइलची जमीन या वर्तुळांनी भरली. सौदी अरेबिया गहू निर्यात करू लागला. पाणी होतं साक नावाच्या वालुकाश्माच्या थरातलं, हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचं. ते पुन्हा भरत नाही. 2008 पासून गव्हाची सरकारी खरेदी टप्प्याटप्प्यानं कमी केली आणि 2016 मध्ये थांबवली, नंतर मर्यादित प्रमाणात पुन्हा परवानगी दिली. मी या विहिरींची पातळी मोजत आलोय. सोडून दिलेल्या वर्तुळांच्या फिकट खुणा वरून दिसल्या की मला आपल्याकडचा पाचशे फुटांखाली गेलेला बोअर आणि त्यावर लावलेला ऊस आठवतो, आणि मन लागत नाही.

जेवणाचं. हाल होणार नाहीत, पण विचारून खावं लागेल. इथल्या भातात मांस दिसत नसलं तरी तो मांसाच्या पाण्यात शिजवलेला असतो, म्हणून 'बिदून लहम' (मांस नको) एवढं पुरत नाही, 'बिदून मरक' असंही म्हणा, म्हणजे रस्सा नको. सकाळी फूल (उकडून घोटलेले बाकला) आणि तंदूरमधली गरम तमीस रोटी मिळते, पोटभर होते. मकशूश जरूर खा: गव्हाच्या जाडसर छोट्या धिरड्या, वर तूप आणि मध किंवा खजुराचा पाक. 2023 मध्ये सौदीनं याला राष्ट्रीय गोड पदार्थ ठरवलं, पण हाइलकर तो आपलाच मानतात. खजुरात 'हिलवा' मागा. आणि केरळी हॉटेलं प्रत्येक गावात आहेत, तिथं डोसा आणि डाळ मिळते.

कुणी घरी कॉफीला बोलावलं, आणि बोलावतीलच, तर नाही म्हणू नका. कॉफी फिकट, सोनेरी, वेलदोड्याची. बिनहँडलच्या छोट्या कपात तळाशी थोडीच ओततात. कप उजव्या हातानं घ्या. रिकामा झाला की पुन्हा भरतात, आणि तुम्ही संकोचानं पीत राहिलात तर भरतच राहतात. पुरे झालं की कप मनगटातून दोनदा हलवून परत द्या. आधी नुसती कॉफी आणि खजूर, कामाचं बोलणं नंतर. काकूंना बायकांच्या बैठकीत वेगळं नेलं तर गोंधळून जाऊ नका, आतली बैठक बहुतेकदा जास्त रंगते.

बाकी व्यवहाराचं. रियाधहून आगगाडीनं या. कसीमवरून येणारी ही गाडी चार-साडेचार तासांत हाइलला पोचवते, फक्त स्टेशन शहराबाहेर आहे. मोटारीनं सहा-साडेसहा तास. व्हिसाचे नियम बदलत असतात, मुलाला ताजी माहिती काढायला सांगा. उमराहच्या (मक्केच्या छोट्या यात्रेच्या) व्हिसावर आलेल्यांनाही देशभर फिरता येतं, मदिनेहून हाइल मोटारीनं साधारण साडेचार तास. अबाया सक्तीचा नाही, पण अंगभर सैल कपडे हवेत. पंजाबी ड्रेस आणि ओढणी उत्तम.

हल्ली रमजान फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो, तेव्हा तारखा जुळवून पाहा. त्या महिन्यात दिवसा हॉटेलं बंद असतात आणि चारचौघांत पाणीही पिता येत नाही. वाळवंटातल्या मोटारशर्यतींच्या दिवसांत हॉटेलं भरलेली असतात, तेही आधी तपासा. फेब्रुवारीत रात्रीचा पारा शून्याजवळ जाऊ शकतो. शहर समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर आहे. स्वेटर, कानटोपी, मोजे आणा. वाळवंट म्हणजे उकाडा असं समजून आलेल्या माझ्या सख्ख्या मावशीला पहिल्या रात्री माझं जाकीट घालून झोपावं लागलं होतं.

शेवटच्या दुपारी अजातल्या उकदाला जा. डोंगरातून अरुंद वाट आत जाते आणि आत खजुराच्या बागा आहेत. पाऊस पडून गेला असेल तर घळींमध्ये पाणी साचलेलं दिसेल, हाइलची अर्धी माणसं सतरंज्या आणि किटल्या घेऊन तिथं आलेली असतील. या सहलीला ते कश्ता म्हणतात. लाकूड मात्र विकतचंच घ्या, रानातली झुडपं तोडायला बंदी आहे आणि दंड जबर आहे. आणि आभाळ काळं दिसलं तर कोरड्या ओढ्यात गाडी उभी करू नका, पाऊस दूर डोंगरावर पडतो आणि पाणी इथं येतं. मुलाला नफूदच्या वाळूत गाडी घालायचीच असेल तर चारही चाकांना ताकद मिळणारी (4x4) गाडी, सोबत दुसरी गाडी, टायरची हवा पंधरा पीएसआयच्या आसपास उतरवलेली आणि परतताना भरायला पंप, एवढं असल्याशिवाय डांबर सोडू नका.

तारखा ठरल्या की कळवा. तेव्हा मी गावात असलो तर जुब्ब्याला मी स्वतः घेऊन जाईन.